साडेचौदा गुण, एकनाड आणि वर मंगळ: लग्न करावं का?

प्रश्न असा आहे. मुलगी २८ वर्षांची, मुलगा ३१. चार वर्षांची ओळख, दोघांचं आपसात ठरलेलं. मुलाचं नक्षत्र रोहिणी, चौथं चरण (प्रत्येक नक्षत्राचे चार भाग, तीच चरणं), रास वृषभ. सिंह लग्न (म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, तेच पत्रिकेचं पहिलं घर), सातव्या घरात कुंभेचा शनी. मुलीचं स्वाती, दुसरं चरण, रास तूळ. लग्नही तूळ आणि चौथ्या घरात मकरेचा मंगळ. मोबाइलवरच्या ॲपने ३६ पैकी साडेचौदा गुण दाखवले आणि खाली लाल अक्षरांत तीन शेरे मारले: नाडीदोष, भकूटदोष, मांगलिक. मुलाचं घराणं राजापूरकडचं. त्याची आई म्हणते, "माझ्या मुलाच्या जिवाशी खेळ नको." एका गुरुजींनी आधी कुंभविवाह आणि मग नाडीची शांत सांगितली आहे. मुलगी विचारते, यातलं किती खरं मानायचं आणि घरच्यांना काय सांगायचं?

उत्तर आधी देते, कारणं मागून. या दोन पत्रिकांत लग्न मोडावं असं मला काही सापडलं नाही. षडाष्टकाचा, म्हणजे ॲपच्या भाषेत भकूटाचा, दोष शास्त्राच्याच नियमाने उरत नाही. मंगळाची धास्ती ज्या श्लोकातून आली तो श्लोक लोकांनी अर्धाच वाचलाय. आणि नाडीचं म्हणाल, तर ती एक आहे की नाही हे तुमच्या घरी भिंतीवर कुठलं पंचांग लटकतं त्यावर ठरतं. गंमत नाही करत, पुढे आकडे देते.

मी मिरजेत गेली २४ वर्षं पत्रिका बघते. हे माझं पोटापाण्याचं काम आहे, तेव्हा ज्योतिषाची टर उडवण्यात माझा काही फायदा नाही. पण गुण मोजणं वेगळं आणि पत्रिका बघणं वेगळं. पहिलं काम आता फोनही करतो.

आधी ते साडेचौदा कुठून आले ते बघू. वर्णाचा १ गुण, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ (ॲपवाले त्यालाच भकूट म्हणतात) आणि नाडीचे ८. एकूण ३६. तुमचं कोष्टक असं भरतं: वर्ण १, वश्य १, तारा दीड, योनी १ (सर्प आणि महिष, म्हणजे वैर नाही पण सख्यही नाही), ग्रहमैत्री पूर्ण ५, गण ५, राशिकूट शून्य, नाडी शून्य. बेरीज साडेचौदा. वश्य आणि गण या दोन रकान्यांत निरनिराळ्या पंचांगांत अर्ध्या-एका गुणाचा फरक पडतो. त्यामुळे दुसऱ्या कुणी १४ किंवा १५ सांगितले तर त्याच्याशी वाद घालू नका.

आठ रकाने म्हटले की वाटतं, आठ वेगवेगळ्या बाजूंनी तपासणी झाली. तसं नाही. आठही रकाने एकट्या चंद्रावरून भरले जातात. रवी, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, लग्न, यांतलं काहीही त्या ३६ मध्ये येत नाही. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस आणि एका राशीत सव्वादोन दिवस असतो. म्हणजे तुम्ही जन्मलात त्या दिवशी महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या प्रसूतिगृहांत स्वाती नक्षत्राच्याच मुली जन्मत होत्या, आणि त्या प्रत्येकीचे या मुलाशी तेच साडेचौदा गुण होतात. त्यात एखादी त्याच्याकडे ढुंकून न बघणारीही असेल. कोष्टकाला तुमच्यातला फरक कळत नाही.

मग पूर्वीच्यांनी असं ठोकळ साधन का केलं? माझ्या मते कारण साधं आहे. विवाहप्रकरणासाठी आजही आम्ही ज्याचा आधार घेतो तो 'मुहूर्तचिंतामणि' रामदैवज्ञाने काशीत शके १५२२ मध्ये, म्हणजे इसवी सन १६०० मध्ये लिहिला. तेव्हा घरोघरी घड्याळं नव्हती. लग्नरास दर दोन तासांनी बदलते, तिला अचूक वेळ लागते. चंद्राचं नक्षत्र मात्र 'दिवेलागणीला झाला', 'गुरं सोडायच्या वेळी झाली' एवढ्यावरही बहुतेकदा बरोबर निघतं. वेळ विसरली तरी अवकहडा चक्रावरून (कुठल्या चरणाला कुठलं अक्षर हे सांगणारं कोष्टक) ठेवलेलं नावाचं अक्षर लक्षात राहतं. रोहिणीच्या चौथ्या चरणाला 'वू' येतं. 'वू'वरून नाव सुचणार कुणाला, म्हणून या मुलाचं पाळण्यातलं नाव आणि हाक मारायचं नाव वेगळं असणार, पैज लावते. तर मुद्दा असा की एकमेकांना कधी न पाहिलेली दोन माणसं, हातात जेमतेम एक अक्षर आणि दहा स्थळांतून दोन निवडायची आहेत, अशा घरासाठी ही चाळणी होती. तुम्ही त्याला चार वर्षं ओळखता. त्याचा राग, त्याची उधारी, आजारपणातला त्याचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. दळून झालेलं पीठ कुणी गव्हाच्या चाळणीत घालत नाही.

आणखी एक गोष्ट, आमच्या धंद्यातली. 'पत्रिका जुळत नाही' हे आपल्याकडे स्थळ नाकारण्याचं सगळ्यात सभ्य वाक्य आहे. मुलीचा रंग, मुलाचा पगार, घरातलं कुणाचं तरी व्यसन, यातलं काहीच तोंडाने बोलावं लागत नाही. दोष ग्रहांवर जातो आणि दोन्ही घरांची अब्रू राहते. कांदेपोहे झाल्यावर दुसऱ्या दिवशी मला फोन येतो, "ताई, जुळत नाही असंच सांगा हं." म्हणून तुमच्या बाबतीत आधी एक खात्री करून घ्या: त्याच्या आईला खरंच गुणांची भीती आहे, की गुणांआडून दुसरंच काही बोलायचंय? जात, पगार, तुम्ही पुण्यातली नोकरी सोडणार नाही म्हणालात ते. तसं असेल तर मी इथे कितीही अपवाद सांगितले तरी उपयोग नाही. उद्या नवा दोष निघेल.

भीती खरी आहे असं धरून पुढे जाते.

राशिकूट. वृषभ आणि तूळ एकमेकांपासून सहावी-आठवी, म्हणजे षडाष्टक. मराठीत ज्या दोघांचं पटत नाही त्यांचं 'षडाष्टक आहे' म्हणतो, तेव्हा शब्द कानावर पडताच आईच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण षडाष्टकं दोन प्रकारची. मेष-कन्या, वृषभ-धनू, मिथुन-वृश्चिक, कर्क-कुंभ, सिंह-मकर, तूळ-मीन ही मृत्युषडाष्टकं. मेष-वृश्चिक, वृषभ-तूळ, मिथुन-मकर, कर्क-धनू, सिंह-मीन, कन्या-कुंभ ही प्रीतिषडाष्टकं. यांत राशींचे स्वामी एकच तरी असतात किंवा मित्र तरी. तुमच्या दोघांच्या राशींचा स्वामी शुक्र. हे प्रीतिषडाष्टक आहे आणि त्याला दोष धरत नाहीत. ॲपला हा फरक शिकवलेला नसतो, ते सरसकट शून्य देतं. ते सात गुण परत घेतले की साडेचौदाचे साडेएकवीस होतात आणि १८ ची, म्हणजे किमान गुणांची, रेघ ओलांडली जाते. 'मुलाच्या जिवाला धोका' हे वाक्य बहुधा कुणीतरी मृत्युषडाष्टक समजून बोललंय. त्याच्या आईला पंचांगातलं ते पान उघडून दाखवा. छापील पानाचा आपल्या लोकांवर फार परिणाम होतो.

तसंही राशिकूटाचा रकाना फार कडक आहे. बारा शक्य अंतरांपैकी २-१२, ५-९ आणि ६-८ ही सहा अंतरं वाईट ठरवली आहेत. म्हणजे निम्म्या जोडप्यांचे सात गुण सुरुवातीलाच जातात.

आता नाडी. २७ नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ अशी वाटली आहेत: आद्य, मध्य, अंत्य. रोहिणी आणि स्वाती दोन्ही अंत्य. नक्षत्रं सारखी वाटलेली असल्यामुळे कुठल्याही दोन माणसांची नाडी एक निघण्याची शक्यता साधारण तीनात एक. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत टिपणं न बघता झालेली लग्नं मोजा. त्यातल्या एक तृतीयांश घरांवर काही आभाळ कोसळलेलं नाही. नाडीला अपवादही पुष्कळ: नक्षत्र एक पण चरण वेगळं, रास एक पण नक्षत्र वेगळं, नक्षत्र एक पण रास वेगळी, असं असेल तर दोष नाही. काही नक्षत्रांना तो लागतच नाही असंही एक वचन आम्ही सांगतो, आणि त्या यादीत रोहिणी आहे. शिवाय मध्य नाडी एक असण्यापेक्षा कडेच्या नाड्या एक असणं सौम्य मानणारे बरेच आहेत. इतके अपवाद पाहिले की मला वाटतं, लिहिणाऱ्यांना लग्नं मोडायची नव्हती, जुळवायची होती. नियम एकाने केला आणि मागून दहा जणांनी त्याला खिडक्या पाडल्या.

पंचांगाची गंमत इथेच आहे. सोलापूरच्या दाते पंचांगासह महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं चित्रापक्षाचं अयनांश (राशिचक्र आभाळात कुठून मोजायला लागायचं त्याचा हिशेब) धरतात. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ साली अहवाल दिला, त्यातही तेच धरलं. ॲपही तेच वापरतात. पण लोकमान्य टिळकांनी ज्याचा पुरस्कार केला ते टिळक पंचांग रैवतपक्षाचं, आणि कोकणात, विशेषतः रत्नागिरीकडच्या काही घरांत, ते अजून चालतं. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक आहे. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं. चार अंशांनी दर दहातल्या तीन माणसांचं नक्षत्र बदलतं. या मुलाचा चंद्र रोहिणीच्या चौथ्या चरणात, म्हणजे शेवटच्या ३ अंश २० कलांत आहे. टिळक पंचांगाने त्याचं नक्षत्र मृग होतं. मृगाची नाडी मध्य, गण देव. तुमची स्वाती दुसऱ्या चरणातली असल्यामुळे चार अंश पुढे सरकूनही स्वातीच राहते. आता पुन्हा बेरीज करा: वर्ण १, वश्य १, तारा पूर्ण ३, योनी १, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट शून्य, नाडी ८. पंचवीस.

तोच मुलगा, तीच मुलगी, तेच आभाळ. साडेचौदाचे पंचवीस.

मुलाचं घराणं राजापूरकडचं आहे म्हणून हे मुद्दाम सांगितलं. त्याच्या आजोळी किंवा गावच्या घरी टिळक पंचांग चालत असेल तर आजीला विचारा, पाळण्यात नाव कुठल्या पंचांगावरून ठेवलं होतं. मी असं म्हणत नाही की सोयीचं पंचांग निवडा. मी स्वतः चित्रापक्षच वापरते आणि माझ्या हिशेबात तुमची नाडी एकच आहे. पण ज्या आकड्याला एवढं हलता येतं, त्याच्यावर कुणाचा जीव टांगू नये.

नाडीबद्दल अजून थोडं, कारण हा माझा नाजूक विषय आहे. 'एकनाड म्हणजे एक रक्तगट, मुलं नीट होत नाहीत' असं आपल्याकडे सर्रास सांगतात. चूक आहे. नवरा-बायकोचा रक्तगट एक असण्याने काहीही बिघडत नाही. काळजी असते ती आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हा, आणि त्याला अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. मुलांचीच चिंता असेल तर लग्नाआधी दोघांनी थॅलेसेमियासाठी एचबीए-टू ची तपासणी करून घ्यावी. विदर्भातल्या आणि नंदुरबार-गडचिरोलीकडच्या समाजांत सिकलसेलचीही. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे माझ्या कोष्टकात कुठेच दिसत नाही, रक्ताच्या थेंबात दिसतं. मजा बघा, हीच घरं नाडी-नाडी करत चांगली स्थळं परत पाठवतात आणि मग मामाची मुलगी करून घेतात. रक्त जवळ येण्याची एवढी भीती असेल तर ती आधी तिथे वाटायला हवी.

मंगळाचं प्रकरण मोठं आहे. 'लग्ने व्यये च पाताले जामित्रे चाष्टमे कुजे', म्हणजे पहिल्या, बाराव्या, चौथ्या, सातव्या आणि आठव्या घरात मंगळ असला की पत्रिका मंगळाची. (हा 'जामित्र' शब्द मूळचा ग्रीक आहे, वर्तुळाच्या व्यासाला ग्रीकांकडे जो शब्द होता त्यावरून आलेला. 'होरा' आणि 'केंद्र' हेही तिकडचेच. आपल्या ऋषींनी सगळं दिव्यदृष्टीने पाहिलं म्हणणाऱ्यांना मी हे हळूच सांगते.) श्लोकाची दुसरी ओळ कुणी म्हणत नाही. तिच्यात मुलीचा मंगळ नवऱ्याला आणि मुलाचा मंगळ बायकोला, असं दोन्हीकडे सारखं सांगितलंय. आपण मात्र मुलीचा मंगळ दवंडी पिटून सांगतो आणि मुलाचा विसरून जातो.

हिशेब करा. बारापैकी पाच घरं म्हणजे शंभरातली जवळजवळ ४२ माणसं मंगळाची. काही ज्योतिषी लग्नराशीसोबत चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मंगळ मोजतात. तसं केलं तर पाचातली चार माणसं मंगळाची निघतात. ज्या खुणेत गावातली ऐंशी टक्के माणसं बसतात ती खूण काय कामाची? आणि नाडी, राशिकूट, मंगळ तिन्ही एकत्र ढोबळमानाने धरले तर दर ३६ जोडप्यांत जेमतेम सहा 'निर्दोष' उरतात. उरलेल्या तीसांनी काय हिमालयात जायचं?

तुमचा मंगळ मात्र बघण्यासारखा आहे, म्हणून थोडी रेंगाळते. तूळ लग्नाला सातवं घर मेषेचं, म्हणजे तुमचा सप्तमेश, सातव्या घराचा स्वामी, मंगळच. तो मकरेत उच्चीचा, म्हणजे सगळ्यात बळकट राशीत, आणि चौथ्या म्हणजे केंद्रस्थानी. तिथून त्याची चौथी दृष्टी थेट सातव्या घरावर, स्वतःच्याच राशीवर. केंद्रात उच्चीचा मंगळ म्हणजे रुचक योग; हीच पत्रिका एखाद्या मुलाची म्हणून आणली असती तर वडिलांनी पेढे वाटले असते. ज्या मंगळाला ॲपने लाल शेरा मारला, तोच तुमच्या विवाहस्थानाचा मालक आहे आणि तो बळकट आहे. विवाहस्थानाचा स्वामी एवढा ठणठणीत असलेल्या पत्रिका माझ्याकडे रोज येत नाहीत. मकरेतल्या मंगळाला दोष नाही हे मंगळाच्या अपवादांत सरळ लिहिलेलं आहे. शिवाय मुलाच्या सप्तमात शनी आहे. एकाकडे मंगळ आणि दुसऱ्याकडे त्याच घरांपैकी एकात शनी असेल तर परस्पर वजाबाकी होते असं धरतात. कुंभेचा शनी स्वगृहीचा आहे. उशिरा लग्न, मितभाषी, घरची जबाबदारी लवकर अंगावर, एवढं मी त्यावरून म्हणेन. ते खरं आहे की नाही हे माझ्यापेक्षा तुम्हाला माहीत.

इथे एक आडवळण घेते, कारण पत्रात तुम्ही तुमच्या धाकट्या बहिणीचं नक्षत्र मूळ असल्याचंही लिहिलंय. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठाची थोरल्या दिराला, विशाखाची धाकट्या दिराला, ही चार वाक्यं मी ऐकूनसुद्धा घेत नाही. २७ पैकी चार नक्षत्रं म्हणजे सातातली एक मुलगी या वाक्यांखाली येते. मुलगा सासू-सासऱ्यांना वाईट, असं आमच्याकडे कुणी घाबरत आलेलं मला आठवत नाही. माझी स्वतःची ज्येष्ठा आहे. थोरले दीर ८१ वर्षांचे आहेत आणि अजून सायकल चालवतात. बहिणीला काळजी करू नको म्हणावं.

मग मी गुण बाजूला ठेवून बघते तरी काय? दोघांचं सातवं घर आणि त्याचा स्वामी, शुक्र, चंद्र कुणाच्या सोबतीत आहे ते, नवमांश (राशीचे नऊ भाग करून मांडलेली दुसरी कुंडली), आणि सगळ्यात जास्त वेळ दशा, म्हणजे आयुष्यात ओळीने येणारे एकेका ग्रहाचे काळ. मुलाची रोहिणी शेवटच्या चरणातली म्हणून जन्मीची चंद्रदशा थोडीच शिल्लक होती. मंगळाची सात, राहूची अठरा वर्षं सरून साधारण चार वर्षांपूर्वी गुरू लागला. तुमची ओळख त्याच सुमाराची. (असलं काही जुळलं की आम्हा ज्योतिषांना उगाच आनंद होतो, मनावर घेऊ नका.) तुमची जन्मदशा राहूची, मग गुरूची १६ वर्षं, आणि गेल्या वर्षापासून शनी. एकाचा गुरू आणि दुसऱ्याचा नुकताच लागलेला शनी म्हणजे एकजण पसरणार, दुसरा आवरणार. त्याला नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करावंसं वाटेल आणि तुम्हाला आधी कर्ज फिटावं असं वाटेल. पुढच्या दोनतीन वर्षांत घासाघीस झाली तर ती इथे होईल, असं मी म्हणेन. आता हे पत्रिकेतून दिसलं की २४ वर्षं जोडपी बघून दिसलं, खरं सांगायचं तर मला वेगळं करता येत नाही.

ते वेगळं करता येत नाही, याची जाणीव आम्हाला असावी. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची एक चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा शंभर-शंभर मुलांच्या पत्रिका जमवल्या होत्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. माझ्या व्यवसायातल्या अनेकांनी त्यावर खूप आरडाओरडा केला. मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं, की आकडा मान्य करावा आणि आपलं तोंड त्या मानाने उघडावं. म्हणून मृत्यू, वैधव्य, अपत्यहीनता हे शब्द मी पत्रिकेवरून कधीच बोलत नाही. कुणी बोललं तर उठून यावं, दक्षिणा ठेवली असली तरी.

प्रत्यक्षात माझ्याकडे जोडपं आलं की मी पत्रिका मिटते आणि दोघांना वेगवेगळं बसवून एकच गोष्ट विचारते: पगार झाल्यावर घरी किती पाठवता, आणि लग्नानंतर किती पाठवणार? दोघांची उत्तरं एकमेकांना माहीत आहेत का ते बघते. बहुतेकदा नसतात. चार वर्षं बरोबर फिरलेल्यांनाही नसतात. तुम्ही हे एकदा करून बघा. साडेचौदापेक्षा जास्त काही हाती लागेल.

त्याच्या आईचं काय? त्यांना खोडून काढू नका. 'हे सगळं थोतांड आहे' म्हटलंत की तुम्ही त्यांचा नव्हे, त्यांच्या आईचा आणि आजीचा अपमान करता, आणि मग विषय पत्रिकेचा राहत नाही. त्यांना त्यांच्याच भाषेत बोलू द्या. त्या ज्यांना मानतात अशा एखाद्या जुन्या गुरुजींकडे मुलानेच त्यांना न्यावं. तुम्ही बरोबर जाऊ नका. मुलगी समोर असली की सासू होणारी बाई मोकळेपणी विचारत नाही. तीनच गोष्टी विचारायच्या: वृषभ-तूळ प्रीतिषडाष्टक की मृत्युषडाष्टक, उच्चीच्या मंगळाला दोष आहे का, आणि रोहिणीला नाडीदोष धरतात का. जाणकार असेल तो पाच मिनिटांत त्यांची समजूत घालेल. आणि मुलाने घरी यायच्या वाटेवर एवढंच म्हणावं की मी लग्न हिच्याशीच करणार आहे, तुझ्या आशीर्वादाने करायचंय. हे त्याने म्हणायचंय, तुम्ही नाही. चार वर्षांत त्याने ते एकदाही म्हटलं नसेल, तर मला नाडीपेक्षा त्याची जास्त काळजी वाटते.

कुंभविवाहाला सरळ नाही म्हणा. मातीच्या घटाशी आधी लग्न लावून त्याला 'पहिला नवरा' करायचा आणि विसर्जित करायचा, म्हणजे मंगळ त्याच्यावर जातो, ही कल्पना. उच्चीच्या स्वगृहावर बघणाऱ्या मंगळाला त्याची गरज नाही, आणि एकदा केलंत की 'हिच्यात दोष होता' हे दोन्ही घरांत कायमचं नोंदलं जातं. पुढे नवऱ्याला साधा ताप आला तरी बोट तुमच्याकडे वळेल. नाडीची शांत म्हणजे बहुधा जप आणि दान. सासूबाईंचं मन त्यानेच शांत होणार असेल तर घरच्या घरी, घरच्याच गुरुजींकडून, झेपेल तेवढ्यात करा. सोन्याची नाडी वगैरे करून द्यायला सांगितलं तर हात जोडा आणि निघा.

एक काम मात्र कुणी कितीही गळ घातली तरी करू नका: जन्मवेळ बदलून नवी पत्रिका. अर्धा-पाऊण तास मागेपुढे करून मंगळ एक घर हलवून देणारे लोक आहेत, माझ्याकडेही वर्षातून दोन-चार जण हीच मागणी घेऊन येतात. मी परत पाठवते, ते दुसरीकडे जातात. लग्नानंतर कधीतरी जन्मदाखला बाहेर येतोच, आणि मग भांडण ग्रहांचं राहत नाही, खोटेपणाचं होतं. तुमच्या बाबतीत तर तसं करणं मूर्खपणा. त्या मंगळाला चौथ्यातून हलवलंत तर पत्रिकेतली सगळ्यात चांगली गोष्ट जाईल.

शेवटी त्या कौलाबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्याची आजी म्हणते, पत्रिका राहू दे, गावी जाऊन ग्रामदेवतेला कौल लावू. जा. कोकणात आणि गोव्यात पत्रिकेहून देवाचा शब्द मोठा मानणारी घरं खूप आहेत आणि आईचं मन वळायला याहून चांगली वाट नाही. देवाच्या मूर्तीवर चिकटवलेल्या फुलांच्या कळ्यांपैकी उजवा कळा पडला तर प्रश्नच मिटला. डावा पडला तरी घाबरू नका. गुरव विचारतो, प्रश्न नीट मांडला होता का, मग पुन्हा गाऱ्हाणं घालतो आणि पुन्हा लावतो. आजीला पुढच्या रांगेत बसवा. गुरवाला लहानपणापासून ओळखणारी बाई तीच आहे.